ब्रिटिश घरात राहायला जाताय? नागपूरहून निघण्याआधी हा हिशोब करा

ब्रिटनमधल्या विद्यापीठाची फी तुम्हाला आधीच कळलेली असते. खिसा कापला जातो तो पुढच्या खर्चांनी: हॉटेलात दोनदा दिलेली टिप, मुंबईच्या विमानात भरलेलं जादा सामानाचं भाडं, चुकीच्या गाडीत बसल्याचा दंड, खोली सोडताना परत न मिळालेलं डिपॉझिट. त्यातून ब्रिटिश कुटुंबात राहणार असाल तर आणखी एक अडचण आहे. तिथले लोक नाराजी सहसा तोंडावर सांगत नाहीत. तुमची रोजची लांबलचक आंघोळ घरमालकिणीला खटकते आहे, हे तुम्हाला तीन आठवड्यांनी एजन्सीच्या ईमेलमधून कळू शकतं. म्हणून एक गोष्ट पक्की धरा: घरातलं काही असेल ते पहिल्या दिवशी विचारा, पैशाचं असेल ते लिहून घ्या.

खालचे सरकारी दर २०२५ अखेरचे आहेत. यातले बरेचसे एप्रिलमध्ये वाढतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी गव्ह डॉट यूके या ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. रुपयांचा हिशोब पौंडाला १२० रुपये धरून केला आहे.

व्हिसा: किती पैसे, कोणते कागद

विद्यार्थी व्हिसाचं शुल्क ५२४ पौंड, म्हणजे सुमारे ६३ हजार रुपये. त्यावर आरोग्य अधिभार: वर्षाला ७७६ पौंड. इथेच पहिला छुपा खर्च येतो. पदव्युत्तर अभ्यासक्रम १२ महिन्यांचा असला तरी व्हिसा साधारण १६ महिन्यांचा मिळतो, त्यामुळे अधिभार दीड वर्षाचा लागतो: १,१६४ पौंड, सुमारे १ लाख ४० हजार. दोन्ही मिळून २ लाख रुपये बाजूला ठेवा. हे पैसे ऑनलाइन भरताना ब्रिटिश गृहखातं स्वतःचा विनिमय दर लावतं आणि तो बाजारापेक्षा थोडा चढा असतो. व्हिसा नाकारला गेला तर अधिभार परत मिळतो, व्हिसा शुल्क नाही.

निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. पाच कामकाजी दिवसांत हवा असेल तर जादा ५०० पौंड, दुसऱ्या कामकाजी दिवशी हवा असेल तर १,०००. वेळेत अर्ज केलात तर हे ६० हजार किंवा १ लाख २० हजार सरळ वाचतात.

खात्यात किती रक्कम दाखवायची? उरलेली फी, आणि तिच्यावर राहण्याखाण्याचे नऊ महिन्यांचे पैसे. लंडनसाठी महिना १,५२९ पौंड, म्हणजे नऊ महिन्यांचे १३,७६१ पौंड (सुमारे साडेसोळा लाख रुपये). लंडनबाहेर महिना १,१७१, म्हणजे १०,५३९ पौंड (सुमारे १२ लाख ६५ हजार). ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी ती कमी झाली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. बहिणीच्या लग्नाचा धनादेश त्याच खात्यातून वटणार असेल तर आधी दुसरं खातं बघा.

पैसे तुमच्या, आईवडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावावर हवेत. काका, मामा, आजोबा चालत नाहीत. मुदत ठेव चालते, मात्र ती मोडून पैसे काढता आले पाहिजेत. मान्यताप्राप्त बँकेचं शिक्षणकर्ज मंजुरीपत्र चालतं. सातबारा, घराची कागदपत्रं, सोनं, शेअर, भविष्यनिर्वाह निधी आणि सनदी लेखापालाचा मालमत्तेचा दाखला यांतलं काहीही चालत नाही. पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील तर तुमचा जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या.

नावं जुळवून पाहा. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर मांडणी वेगळी असते. इंग्रजीच्या परीक्षेची नोंदणी पासपोर्टवर आहे त्याच नावानं करा. पासपोर्टच नसेल तर ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला सुमारे १८ हजार रुपये लागतात. ते भरण्याआधी विद्यापीठाला विचारा, कारण बारावीच्या इंग्रजीत चांगले गुण असतील तर काही विद्यापीठं ही परीक्षा माफ करतात.

सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या भारतीयांना क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. ते ब्रिटिश सरकारच्या यादीतल्याच केंद्राचं हवं, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने टिकतं. आधी तपासणी, मग अर्ज, मग बोटांचे ठसे, हा क्रम ठेवा. ठशांसाठी व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीची केंद्रं मुंबई, पुणे, हैदराबाद इथे आहेत. दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट ठशांची तारीख मिळाल्यावरच काढा. केंद्रावर झेरॉक्स, एसएमएस, कुरिअर, कागद स्कॅन करून देणं, बसायला वेगळा कक्ष अशा सेवा पुढे केल्या जातात. त्या सगळ्या ऐच्छिक आणि जादा पैशांच्या आहेत. कागद घरूनच अपलोड करून जा, म्हणजे यातलं बहुतेक काही लागणार नाही.

व्हिसा आता डिजिटल असतो. तो पाहायला ब्रिटिश व्हिसा विभागाचं यूकेव्हीआय खातं लागतं, ते उघडायला पैसे पडत नाहीत. ते कोणी पैसे घेऊन उघडून देत असेल तर देऊ नका. त्या खात्याला तुमचाच ईमेल आणि चालू राहणारा फोन नंबर जोडा, एजंटचा नको.

एजंट आणि बँक

धरमपेठ, रामदासपेठ, बर्डी इथल्या सल्लागारांना विद्यापीठांकडून बहुधा कमिशन मिळतं. त्यामुळे प्रवेशासाठी तुमच्याकडूनही मोठी रक्कम मागितली तर कारण विचारा आणि कशाचे किती ते लेखी घ्या. मूळ पासपोर्ट आणि मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवू नका. स्वतः अर्ज केला तरी सरकारी शुल्क तेवढंच असतं.

परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस हा आगाऊ कर कापते. आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत तो नाही. शिक्षणकर्जाचे पैसे थेट पाठवले तर त्यावरही नाही. त्यापुढच्या स्वतःच्या पैशांवर कापला गेला तरी ज्याच्या पॅनवर कापला त्याला तो विवरणपत्र भरून परत मागता येतो. मोठा फटका दुसरीकडेच असतो, तो म्हणजे विनिमय दर. दोन बँकांना एकच प्रश्न विचारा: ‘सगळं धरून १०,००० पौंड पाठवायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?’ दरात एका रुपयाचा फरक पडला तर इथे १० हजार रुपयांचा फरक पडतो.

सामान: सोनेगावच्या काउंटरवर होणारा खर्च

नागपूरहून थेट आखाती मार्गे जा किंवा मुंबई-दिल्लीमार्गे, पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढा. लंडनच्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा चालतात आणि नागपूर-मुंबई तिकीट वेगळं काढलं असेल तर त्यावर फक्त १५ किलो चालतं. म्हणजे ३१ किलो जादा. किलोला ५०० रुपये धरले तरी १५,५०० रुपये काउंटरवरच गेले. वेगळ्या काढलेल्या तिकिटात ३ हजार वाचवले असतील तर ते या एका पावतीत पाचपट होऊन जातात.

खाऊ भरताना जपा. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याची मिठाई, दुधातली संत्रा बर्फी घरीच ठेवा. ताजी फळं आणि भाज्याही टाळा. मसाला, कोरड्या चटण्या, पापड, चिवडा नीट बंद करून न्या. प्रेशर कुकर नेणार असाल तर तिथल्या घरी इंडक्शन आहे का ते आधी विचारा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही.

सप्टेंबरात निघताना नागपुरात जड कोट घेऊ नका. तिथे चॅरिटीच्या दुकानांत जुने पण चांगले कोट स्वस्त मिळतात. इथून पाऊस अडवणारं जाकीट, दोन थर्मल आणि चष्म्याची दुसरी जोडी न्या. दाताची कामं निघण्याआधी उरकून घ्या, कारण आरोग्य अधिभार भरला तरी दात आणि डोळे फुकट नाहीत.

राहण्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार होमस्टे. एजन्सी किंवा भाषाशाळा कुटुंब ठरवून देते, नाश्ता किंवा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेलं असतं. शहर आणि जेवणाप्रमाणे आठवड्याला साधारण १५० ते ३०० पौंड, लंडन वरच्या टोकाला. दुसरा प्रकार लॉजर: मालक राहतो त्याच घरात एक खोली भाड्यानं, जेवण आपलं आपण. तिसरा प्रकार पाहुणा: तुम्ही हॉस्टेलवर राहता आणि एखाद्या कुटुंबाकडे दिवसभर, शनिवार-रविवार किंवा नाताळला जाता. होस्ट यूकेसारख्या धर्मादाय संस्था अशा भेटी ठरवतात. यजमान पैसे घेत नाहीत, प्रवासखर्च तुमचा. काही विद्यापीठं त्यातलाही वाटा उचलतात, म्हणून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात पहिल्याच महिन्यात विचारा. नाताळच्या जागा लवकर भरतात.

होमस्टे किंवा लॉजर म्हणून राहणार असाल तर पैसे देण्याआधी हे प्रश्न ईमेलवर विचारा:

- भाडं आठवड्याचं की महिन्याचं? आठवड्याला २५० पौंड म्हणजे महिन्याला १,००० होत नाहीत. वर्षाचे ५२ आठवडे धरून महिन्याला १,०८३ पौंड पडतात.
- घर ठरवून देण्याचं शुल्क वेगळं आहे का?
- गॅस, वीज, इंटरनेट, कपडे धुणं यांतलं भाड्यात काय धरलं आहे?
- सुटीत मी नागपूरला आलो तर खोली राखायला किती द्यायचे? काही जण अर्धं भाडं घेतात.
- सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं?
- शाकाहारी जेवणाचे किंवा रात्री उशिरा येण्याचे जादा पैसे आहेत का?
- विद्यापीठापर्यंत दारापासून दारापर्यंत किती वेळ आणि रोजचं भाडं किती?

लॉजरला कायद्याचं संरक्षण कमी असतं. स्वतंत्र घर भाड्यानं घेतलं तर मालकाला डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. मालकाच्याच घरात राहणाऱ्या लॉजरला ती हमी नाही. म्हणून पावती घ्या, खोलीत शिरल्या शिरल्या गादी, गालिचा, भिंती, खिडकी यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला ईमेल करा.

घर न पाहता, फक्त फेसबुकवरच्या फोटोंवर पैसे पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट आलं की किल्ली कुरिअर करतो’ असं कोणी लिहिलं तर तिथेच थांबा. हे फसवणुकीचं ठरलेलं वाक्य आहे. घर ठरलं नसेल तर पहिले दोन आठवडे विद्यापीठाची तात्पुरती सोय घ्या आणि तिथे जाऊन खोली बघा.

घरमालक एकटा राहत असेल आणि ‘तुझ्यामुळे माझा काउन्सिल टॅक्स वाढेल’ म्हणून पैसे मागत असेल तर विद्यापीठाचं विद्यार्थी असल्याचं पत्र द्या. पूर्णवेळ विद्यार्थी या करासाठी मोजला जात नाही, त्यामुळे मालकाची एकट्यानं राहण्याची सवलत जात नाही.

टीव्हीचा परवाना वर्षाला १७४.५० पौंड आहे. लॅपटॉपवर बीबीसी आयप्लेअर किंवा कुठलंही थेट प्रक्षेपण पाहायचं तरी तो लागतो. विनापरवाना पाहिल्यास दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. घराचा परवाना तुमच्या खोलीला लागू होतो का, ते आधी विचारा.

घरात: पहिल्या संध्याकाळी विचारायच्या गोष्टी

यजमानांना ते सांगतील त्याच नावानं हाक मारा. बहुतेक जण पहिल्या नावानं बोलवायला सांगतात. अंकल-आंटी नको, सर-मॅडमही नको. काही मागताना ‘प्लीज’, मिळाल्यावर ‘थँक यू’, प्रत्येक वेळी. आपल्या घरी जेवण वाढल्यावर आभार मानले तर परकेपणा वाटतो, तिथे मानले नाहीत तर उर्मटपणा वाटतो.

न्हाणीघर नीट समजून घ्या. जुन्या ब्रिटिश घरांत न्हाणीघराच्या फरशीला उतार नसतो, पाणी जायला जाळीही नसते. कधी कधी खाली गालिचा असतो आणि त्याच्या खाली लाकडी तक्तपोशी. टबाबाहेर बसून बादली-मग्यानं आंघोळ केली तर पाणी खालच्या खोलीच्या छतातून गळतं आणि ते बिल तुमच्या डिपॉझिटमधून कापलं जातं. टबात उभं राहा, पडद्याचा खालचा काठ टबाच्या आत घ्या, दहा मिनिटांत बाहेर या, फरशी पुसा, पंखा चालू किंवा खिडकी उघडी ठेवा. अनेक घरांत गरम पाण्याची टाकी असते. तुम्ही ती रिकामी केली तर पुढच्याला थंड पाणी मिळतं. शौचालयात जेट नसतो. पाण्याचा मगा वापरायचा असेल तर वापरा, मात्र एक थेंबही बाहेर सांडू देऊ नका.

आंघोळीची वेळ विचारून ठरवा. सकाळी साडेसात ते साडेआठ घरातल्यांची घाई असते. तुम्ही रात्री आंघोळ केलीत तर सगळ्यांचीच सोय होते.

हीटरचं बटण स्वतः फिरवू नका. थंडी वाजत असेल तर जादा पांघरूण मागा, ते आनंदानं देतात. ओले कपडे रेडिएटरवर टाकू नका, भिंतीला ओल येते. कपडे धुण्याचा वार ठरवून घ्या. कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा आणि तो कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा, हेही विचारा. किल्ली हरवली तर कुलूप बदलण्याचा खर्च तुमच्यावर येतो. रात्री दहानंतर नागपूरला व्हिडिओ कॉल करायचा असेल तर हेडफोन लावा. शिवाय भारत साडेचार ते साडेपाच तास पुढे असतो, आईलाही झोपू द्या.

स्वयंपाक करायची मुभा आहे का, किती दिवस, कोणत्या वेळी, ते विचारा. सावजी रश्शाची फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो आणि वास पडद्यांत आठवडाभर राहतो. खिडकी उघडा, पंखा लावा, स्वयंपाकघराचं दार लोटा. पांढऱ्या ओट्यावर हळद सांडली तर त्याच क्षणी पुसा. फ्रिजमधला तुमचा कप्पा विचारून घ्या, डब्यावर नाव लिहा.

शाकाहारी असाल तर जाण्याच्या आठवडाभर आधी एका ओळीत स्पष्ट कळवा: मांस, मासे, अंडी खात नाही, दूध चालतं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर ताटात अंडं येईल, कारण तिथे ते शाकाहारात धरतात. जेली आणि काही चीजमध्ये प्राण्यांपासूनचे घटक असतात, वेष्टन वाचा.

भाडं कमी करतो, त्या बदल्यात मुलं सांभाळ किंवा घर साफ कर, असं कोणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. ते काम धरलं जाऊ शकतं. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि स्वतःचा धंदा अजिबात करता येत नाही. विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला विचारा, तो सल्ला फुकट असतो.

जेवायला बोलावलं तर

आमंत्रणात काय आहे ते विचारा: चहा-बिस्किटं की पूर्ण जेवण, संध्याकाळी सहाला की आठला. सातला बोलावलं असेल तर सात ते सात दहाच्या दरम्यान पोचा. आधी पोचू नका, यजमान तयारीत असतात. उशीर होणार असेल तर निघतानाच संदेश पाठवा. न विचारता मित्राला बरोबर नेऊ नका. ताटं मोजून लावलेली असतात.

हात हलवत जाऊ नका. पाच ते दहा पौंडांत फुलं किंवा चॉकलेट पुरेसं आहे. नागपूरहून न्यायचं असेल तर टसरचा छोटा स्टोल उत्तम: वजन नाही, फुटत नाही, कस्टमची भानगड नाही. चिवडा द्यायचा असेल तर आधी विचारा, घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना? ही ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

घरात शिरताना चपला-बूट काढू का, असं विचारा. कुत्र्याला घाबरत असाल तर आधीच सांगा, ते त्याला दुसऱ्या खोलीत ठेवतात. वाढलेलं आवडलं नाही तर थोडं घ्या. नको असेल तर एकदाच ‘नो, थँक यू’ म्हणा, आग्रह होत नाही. पुढचं जास्त महत्त्वाचं: हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा. आपल्याकडच्यासारखं तीनदा विचारत नाहीत, संकोचात उपाशी राहाल. पगार, वय, वजन, लग्न का झालं नाही, हे विषय काढू नका. जेवण झाल्यावर ताटं उचलायला मदत करू का, असं विचारा. दुसऱ्या दिवशी आभाराचा संदेश, मुक्काम केला असेल तर कार्ड पाठवा.

हॉटेल आणि पब

बिलाच्या तळाशी ‘सर्व्हिस चार्ज’ आहे का ते आधी बघा. लंडनमध्ये तो बहुधा १२.५ टक्के असतो. चौघांचं ८० पौंडांचं बिल त्यानं ९० होतं, माणशी २२.५०. तो बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो, सेवा वाईट असेल तर काढायला सांगता येतो. तो भरला असेल तर वर टिप ठेवू नका. पाणी मागताना ‘टॅप वॉटर’ म्हणा. इंग्लंडमध्ये दारू विकण्याचा परवाना असलेल्या ठिकाणी ते फुकट द्यावं लागतं. नुसतं ‘वॉटर’ म्हटलं तर बाटली येते आणि बिलात चढते.

पबमध्ये टेबलावर कोणी विचारायला येत नाही, काउंटरवर जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. एकजण सगळ्यांसाठी पेय आणतो, मग दुसरा, मग तिसरा. तुम्ही पहिल्या फेरीचा एक ग्लास घेतलात की एक फेरी तुमची लागू होते. पाच जणांना सहा पौंडांप्रमाणे ३० पौंड, म्हणजे ३,६०० रुपये. परवडत नसेल तर बसतानाच ‘माझं मी घेतो’ म्हणा, कोणी वाईट मानत नाही. मात्र चार फेऱ्या घेऊन स्वतःची वेळ आली की निघून जाणारा माणूस लक्षात राहतो. दारू घेत नसाल तर ‘ज्यूस चालेल’ एवढंच पुरे, कारण सांगावं लागत नाही.

फिरणं: कुठे फुकट, कुठे दंड

रेल्वेचं १६-२५ रेलकार्ड ३५ पौंडांचं. पूर्णवेळ विद्यार्थ्याला २६ नंतरही मिळतं. भाड्यात एक तृतीयांश सवलत, म्हणजे १०५ पौंडांच्या प्रवासात कार्डाची किंमत वसूल होते. सोमवार ते शुक्रवार सकाळी ४.३० ते १० या वेळेत किमान भाडं १२ पौंड लागतं, जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते. ‘ॲडव्हान्स’ तिकीट स्वस्त पडतं, मात्र त्यावर लिहिलेल्याच गाडीला चालतं. चुकीची गाडी, घरी विसरलेलं रेलकार्ड, बंद पडलेला फोन, या तिन्हींत तुम्ही विनातिकीट ठरू शकता. इंग्लंडमध्ये दंड १०० पौंड अधिक त्या प्रवासाचं भाडं. २१ दिवसांत भरला तर १०० चे ५० होतात. तिकीट रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढा, तिथे बुकिंग शुल्क नसतं. मध्यस्थ ॲप ते लावतात.

लंडनच्या बसला १.७५ पौंड, तासाभरात दुसरी बस फुकट. रोख घेत नाहीत, कार्ड टेकवा. इंग्लंडमध्ये इतरत्र योजनेतल्या बसचं एकेरी भाडं जास्तीत जास्त ३ पौंड. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा, डावी बाजू घाईत असलेल्यांची. रांग मोडू नका, कुठेही.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, टेट मॉडर्न यांचा कायमचा संग्रह फुकट पाहता येतो, तिकीट फक्त खास प्रदर्शनांना. दारातल्या दानपेटीत टाकणं ऐच्छिक आहे.

दीक्षाभूमीच्या गावातून जाणाऱ्यानं चुकवू नये असं एक ठिकाण म्हणजे १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ मध्ये विकत घेतलं. प्रवेश फुकट, जवळचं स्टेशन चॉक फार्म. हा निवासी, शांत रस्ता आहे. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे या घराचं स्मारक करण्याच्या परवानगीचा वाद २०२० पर्यंत चालला होता. म्हणून छोट्या गटानं जा, रस्त्यावर घोषणा आणि मोठ्यानं बोलणं टाळा, आणि उघडं असण्याच्या वेळा आधी पाहून घ्या. १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ लंडन डॉलिस हिलला आहे. गणपती-दिवाळीचे कार्यक्रम तिथे असतात, तिकीट आहे का ते विचारून जा. यजमानांनाही बरोबर न्या. त्यांच्या घरी जेवलात, तर त्यांना आपल्याकडचं काही दाखवायची ही चांगली संधी आहे.

नाताळला कोणाकडे जाणार असाल तर २४ डिसेंबरलाच पोचा, तेही दुपारपर्यंत. २५ ला रेल्वे बंद, लंडनची मेट्रो आणि बस बंद, मोठी दुकानं कायद्यानंच बंद. परतीचं तिकीट २७ नंतरचं काढा आणि तोवर राहायला चालेल का, ते यजमानांना विचारा. टॅक्सीनं परतायची वेळ आली तर सहलीपेक्षा टॅक्सी महाग पडते.

आजारी पडलात तर

पोचल्याच्या आठवड्यातच जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवा. पैसे पडत नाहीत, अधिभारात ते आलं. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीवर प्रत्येक औषधाला ९.९० पौंड. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडमध्ये फुकट. सल्ल्यासाठी १११, जिवावर बेतलं तर ९९९. हे आकडे यजमानांचा नंबर आणि घराचा पोस्टकोड यांच्यासोबत कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

कधी काय करायचं

जानेवारी-फेब्रुवारी: पासपोर्ट, नावं जुळवणं, नागपूर विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज. हाताशी एक-दोन महिने ठेवा.

मार्च-एप्रिल: इंग्रजीची परीक्षा, शिक्षणकर्ज, घराची चौकशी.

मे-जून: पैसे एका खात्यात आणणं, २८ दिवसांची मोजणी, क्षयरोग तपासणी.

जुलै: विद्यापीठाकडून कॅस (व्हिसासाठी लागणारी प्रवेशनिश्चिती) मिळताच व्हिसा अर्ज. २८ दिवसांची मोजणी संपल्यापासून ३१ दिवसांच्या आत अर्ज जायला हवा, नाहीतर नवं खातेपत्रक काढावं लागतं.

ऑगस्ट: एकाच तिकिटावर विमान, दाताची कामं, यजमानांना पहिला ईमेल. त्यात चार गोष्टी लिहा: पोचण्याची तारीख-वेळ, काय खाता-काय नाही, कशाची ॲलर्जी, आणि ‘घरातल्या कोणत्या सवयी मला आधी कळल्या तर बरं होईल?’ हा प्रश्न. उत्तरात येणारी यादी जपून ठेवा आणि पहिला महिना तिच्याप्रमाणे वागा. या ईमेलला एक पैसाही लागत नाही आणि पुढच्या वर्षातले निम्मे गैरसमज त्यातच मिटतात.